आहे तशी रायफल

बसा. खुर्चीत किंवा जमिनीवर, जिथे पाठ आपसूक सरळ राहील तिथे. हात मोकळे सोडा. आज हातात काही घ्यायचं नाही. जी वस्तू पाहायची आहे ती मनातच पाहायची आहे. दोन-तीन श्वास येऊ द्या, जाऊ द्या. त्यांना काही शिकवू नका.

आता एक शब्द जवळ घ्या: नेम. आपल्या भाषेत हा शब्द तीन घरांत राहतो. नेमबाज नेम धरतो. आजी नेम करते, म्हणजे रोज न चुकता तुळशीला पाणी घालते. आणि मृग कोरडा गेला की शेतकरी आभाळाकडे बघून म्हणतो, पावसाचा काही नेम नाही. एकाच शब्दात रोखलेली नजर आहे, रोजचं व्रत आहे आणि भरवसाही आहे. हे तिन्ही अर्थ सोबत असू द्या. पुढे एकेकाची गरज पडेल.

आता ती वस्तू. एक रायफल. तिचं नाव रूगर १०/२२. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात साउथपोर्ट नावाचं गाव आहे. तिथे १९४९ मध्ये बिल रूगर आणि अलेक्झांडर स्टर्म या दोघांनी एक कारखाना सुरू केला आणि त्या कारखान्याने १९६४ मध्ये ही रायफल बाजारात आणली. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, आणि गोळी पॉइंट टू-टू, म्हणून १०/२२. नळी साडेअठरा इंचांची, म्हणजे ४७ सेंटीमीटर. वजन पाच पौंडांच्या आसपास, सव्वादोन-अडीच किलो. तेव्हापासून आजवर अशा पन्नास लाखांहून अधिक रायफली बनल्या आहेत. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत अनेक मुलांच्या हाती आलेली पहिली रायफल हीच. कुंपणाच्या खांबावर ठेवलेला पत्र्याचा डबा, शेतात घुसलेला ससा, अक्रोडाच्या झाडावरची खार, एवढंच तिचं जग.

हिच्याबद्दल एक प्रश्न नेहमी विचारला जातो. कारखान्यातून आली तशीच, एकही भाग न बदलता, ही किती अचूक असायला हवी? विचारणारा घाईत असतो आणि त्याला एक आकडा हवा असतो. आकडा मी देणार आहे. पण त्याआधी आपण रायफलीच्या आत हळूहळू फिरून येऊ. आत काय चालतं ते पाहिलेलं नसेल, तर आकडा ऐकून माणूस एक तर फुशारतो, नाही तर हिरमुसतो.

मनात सकाळ आणा. वारा नाही. नेमबाजीचं एक साधं मैदान, समोर मातीचा बांध, त्याच्या पायथ्याशी लाकडी चौकटीवर लावलेला पांढरा कागद. अंतर ५० यार्ड, म्हणजे ४५.७ मीटर. अलीकडे जाड लाकडी टेबल, त्यावर वाळूच्या दोन पिशव्या. रायफल त्यांवर निजलेली, मॅगझिन काढलेलं, बोल्ट मागे ओढलेला, नळीचं तोंड बांधाकडे. अजून काहीही भरलेलं नाही. तिच्याकडे नुसतं पाहा.

पुठ्ठ्याच्या खोक्यातून एक काडतूस उचला, मनातच. बोटाच्या एका पेराएवढं. पितळेची नळकांडी आणि तोंडाशी शिशाची गोळी. बहुतेक वेळा ही गोळी ४० ग्रेनची असते, म्हणजे २.६ ग्रॅम. याला .२२ लाँग रायफल म्हणतात आणि अमेरिकेतल्या जे. स्टीव्हन्स कंपनीने ते १८८७ मध्ये आणलं. म्हणजे हे काडतूस रायफलीहून सत्त्याहत्तर वर्षांनी थोरलं आहे. बोटाखाली त्याची बुडाकडची कड फिरवा. एवढीशी उंचवट्याची रेघ. हिलाच इंग्रजीत रिम म्हणतात आणि रिमफायर हे नाव तिच्यावरूनच पडलं. मोठ्या रायफलीच्या काडतुसात बुडाच्या मधोमध वेगळी टिकली असते आणि तिच्यावर टोला बसला की ठिणगी पडते. इथे तशी टिकली नाही. ठिणगी पाडणारा मसाला ओलसर असताना नळकांड्यात टाकतात आणि नळकांडं गरगर फिरवून तो या पोकळ कडेत पसरवतात. मग टोला कडेवर कुठेही बसला तरी चालतं.

इथे थोडं थांबा. सगळं या कडेशी सुरू होतं. मसाला कडेत सगळीकडे अगदी सारखा पसरला, तर प्रत्येक वेळी दारू सारखीच पेटेल. एका जागी जाड, एका जागी विरळ झाला, तर पेटण्याची रीत बदलेल आणि गोळीचा वेग किंचित कमी-जास्त होईल. कडेची जाडी थोडी कमी-जास्त झाली तरी टोल्याचा जोर बदलेल. किंचित म्हणजे किती? साध्या वेगाच्या .२२ गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ३२५ मीटर. ५० यार्ड जायला तिला सेकंदाच्या सातव्या हिश्श्याएवढा वेळ लागतो आणि तेवढ्यात ती आपल्या मूळ रेषेपासून सुमारे दहा सेंटीमीटर खाली येते. आता एखादी गोळी दुसरीपेक्षा सेकंदाला फक्त दहा मीटर मंद निघाली, तर कागदावर ती जवळपास सहा मिलिमीटर खाली लागेल. नेम तोच, हात तोच, रायफल तीच. फरक पडला तो डोळ्यांना न दिसणाऱ्या, चिमटीत मावेल एवढ्या मसाल्यामुळे.

स्वस्त काडतुसं पाचशे-पाचशेच्या खोक्यात येतात, वेगाने बनतात, वेगाने संपतात. स्पर्धेची काडतुसं पन्नासाच्या डबीत येतात आणि त्यांच्या डब्यांवर लॉटचा क्रमांक असतो. इंग्लंडमधलं इली किंवा जर्मनीतल्या श्योनेबेकला बनणारं लापुआ, ही नावं नेमबाज आदराने घेतात. मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन या कंपन्यांच्या चाचणी केंद्रांवर जातात आणि एकाच नावाच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट चालवून आपल्या नळीला कोणता रुचतो ते पाहतात. काही लाख रुपयांच्या रायफलीलाही गोळी निवडावी लागते. मग खांबावरचा डबा उडवण्यासाठी बनलेल्या रायफलीने खोक्यातली कुठलीही गोळी गोड मानून घ्यावी, असं आपण का धरून चालतो?

शिशाच्या गोळीवर बोट फिरवा. किंचित चिकट लागेल. मेणासारखं वंगण आहे ते. नळीतून जाताना गोळी हे वंगण नळीच्या आत थापत जाते आणि पुढची गोळी त्यावरून सरकते. म्हणून काडतुसाचा प्रकार बदलला की पहिल्या दहा-वीस गोळ्या कधीकधी भरकटतात. जुनं वंगण निघून नवं बसायला तेवढा वेळ लागतो. हे माहीत नसलेला माणूस पाच गोळ्या झाडतो आणि ते काडतूस बाद करून टाकतो.

आता काडतूस आत जाऊ द्या. या रायफलीचं मॅगझिन गोल फिरणारं आहे. दहा काडतुसं चक्रातल्या खाचांत बसतात, त्यामुळे एकाची कड दुसऱ्याच्या कडेत अडकत नाही. फार चांगली कल्पना आहे ती, आणि एवढ्या वर्षांनीही तिच्यात मोठा बदल करावा लागलेला नाही. बोल्ट पुढे सरकतो, वरचं काडतूस उचलतो, उतारावरून वर ढकलतो आणि नळीच्या मागच्या खोलीत नेऊन बसवतो. मऊ शिसं त्या उतारावर घासतं. कधी एखादा बारीक ओरखडा उठतो. पहिलं काडतूस तुम्ही हाताने बोल्ट ओढून बसवता, पुढची नऊ रायफल स्वतःच्या झटक्याने बसवते. म्हणून पहिली गोळी कधीकधी बाकीच्यांपासून थोडी वेगळी पडते. तिच्यावर रागावू नका. तिची वाट वेगळी होती.

ती खोली जरा सैल आहे. मुद्दाम सैल ठेवलेली. गरम असो, थंडी असो, नळीत काजळी साचलेली असो, काडतूस महाग असो वा स्वस्त, ते आत गेलं पाहिजे, उडालं पाहिजे आणि बाहेर पडलं पाहिजे, असा तिचा करार आहे. स्पर्धेच्या रायफलीत खोली इतकी नेमकी असते की गोळीचं नाक नळीच्या आत कोरलेल्या पिळदार आट्यांमध्ये हलकेच दाबून बसतं आणि गोळी सुटण्याआधीच नळीच्या मध्यरेषेवर येते. आपल्या रायफलीत गोळी थोडी उडी मारून आट्यांत शिरते. उडी मारताना ती केसभर तिरकी झाली, तर ते तिरकेपण ती कागदापर्यंत घेऊन जाते.

मग चाप दाबला जातो आणि एक गोळी सुटते. त्याच स्फोटाचा मागचा धक्का बोल्टला मागे फेकतो, रिकामं नळकांडं बाहेर उडतं, स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे आणते, दुसरं काडतूस आत जातं. पुढच्या गोळीसाठी चाप पुन्हा दाबावा लागतो. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एवढंच. आता या क्रियेतल्या एका गोष्टीवर मन ठेवा. गोळी सुटते त्या क्षणी बोल्टला कुलूप नसतं. तो फक्त स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोराने बंद असतो. हाताने कुलूप लावायच्या रायफलीत बोल्ट दर वेळी त्याच जागी, तसाच घट्ट बसतो. इथे तो दर वेळी झेप घेऊन येऊन थांबतो. जवळपास तिथेच.

हे "जवळपास" नीट पाहा. ही रायफल त्या शब्दावरच उभी आहे आणि त्यात कमीपणा नाही. तेवढी सैल जागा आहे, म्हणून आजोबांची रायफल नातवाच्या हातात तितक्याच खात्रीने चालते. नेम या शब्दाचा तिसरा अर्थ, भरवसा, तिने पहिल्या अर्थाच्या बदल्यात घेतला आहे. व्यवहार समजून-उमजून केलेला आहे आणि तो चांगला आहे असं मला मनापासून वाटतं.

पुढे जाऊ. नळी धातूच्या मुख्य पेटीत आटे पिळून घट्ट केलेली नाही. ती पेटीच्या भोकात सरकवलेली आहे आणि खालून इंग्रजी व्ही अक्षरासारख्या एका ठोकळ्याने आणि दोन स्क्रूंनी मागे ओढून धरलेली आहे. पेटी ॲल्युमिनियमची, नळी पोलादाची. पेटी लाकडाच्या दस्त्यात एकाच स्क्रूने बसते आणि पुढे साध्या नमुन्यात नळीभोवती एक पट्टा असतो. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. पट्टा नळीला कधी जास्त दाबतो, कधी कमी. घराचं दार आषाढात अडतं आणि चैत्रात सहज लागतं, तसंच.

चाप जड आहे. तो दाबायला अनेकदा सहा पौंडांच्या आसपास जोर लागतो, आणि रायफल पाच पौंडांची. जिला हलू द्यायचं नाही, तिच्या वजनाहून जास्त जोर तिच्यावरच लावायचा. एकदा कल्पनेत करून पाहा. बोट मागे येतं तसा सगळा हात किंचित आवळतो. आणि पुढच्या टोकाची माशी, तो लहानसा सोनेरी मणी. दीड मिलिमीटरचा मणी डोळ्यापासून पाऊण मीटरवर असेल, तर ५० यार्डांवर तो कागदाचा नऊ सेंटीमीटरचा भाग झाकतो. एक इंच शोधायला निघालेल्या माणसाने आधी एवढं झाकून घेतलेलं असतं. रायफलीची परीक्षा घ्यायची असेल, तर वर दुर्बीण बसवा. तिच्यासाठी जागा कारखाना देतोच. दुर्बीण बसवणं म्हणजे रायफल बदलणं, असं मी मानत नाही.

एक श्वास घ्या. आता गोळ्या.

दहा. घाई नाही. प्रत्येक गोळीनंतर श्वास सोडा, अर्धा सोडून झाला की थांबा, चापावरचं बोट सरळ मागे येऊ द्या. आवाज लहान असतो, कोरड्या लाकडावर छडी मारल्यासारखा. पितळेची नळकांडी उजवीकडे पडत जातात. दहावी झाली. मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा, खोली रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहा आणि बोटाने चाचपा. आजीच्या नेमासारखं, न चुकता. मग चालत कागदापाशी जा.

दहा छिद्रं आहेत. आठ एका झुबक्यात. एक थोडं वर. एक उजवीकडे, बाकीच्यांपासून दूर, एकटं.

या एकट्या छिद्राशी आज आपल्याला जरा जास्त वेळ बसायचं आहे. मन काय म्हणतं ते ऐका. ते म्हणतं, ही माझी चूक होती. किंवा म्हणतं, ही गोळी खराब होती. मग हळूच, तुम्हाला न विचारता, तिला वगळून बाकी नऊ मोजतं. त्यातलीही वरची एक नको वाटते. आठ उरतात आणि आठांचा झुबका फार देखणा असतो. नेमबाज अशा एकट्या गोळीला फ्लायर म्हणतात, उडून गेलेली. पण ती उडून गेलेली नाही. ती कागदावर आहे. तुम्ही ती झाडताना काही वेगळं झाल्याचं त्याच क्षणी, छिद्र पाहण्याआधी, जाणवलं होतं का? जाणवलं असेल तर तशी नोंद करा. नसेल, तर ती या रायफलीची गोळी आहे. बाकी नवांइतकीच.

आता थोडं गणित. एका रायफलीच्या गोळ्या मध्यापासून डावी-उजवीकडे आणि वर-खाली सारख्याच विखुरतात असं समजा आणि त्या विखुरण्याचं माप, ज्याला गणिती प्रमाण विचलन म्हणतात, दहा मिलिमीटर धरा. या रायफलीने तीन-तीन गोळ्यांचे पुष्कळ गट काढले, तर सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधलं अंतर सरासरी २४ मिलिमीटर येतं. पाच-पाचांचे काढले तर ३१. दहा-दहांचे काढले तर ३८. म्हणजे एकच रायफल तीन गोळ्यांत इंचाची, पाच गोळ्यांत सव्वा इंचाची आणि दहा गोळ्यांत दीड इंचाची. आत काहीच बदललं नाही. आपण तिला किती वेळ बोलू दिलं, एवढाच फरक.

आणखी एक पाऊल. त्याच रायफलीचे पाच-पाच गोळ्यांचे दहा गट काढा. सरासरी ३१ मिलिमीटर असली, तरी एखादा गट २३ चा येईल, एखादा ३९ चा, आणि दहांतला सर्वांत देखणा गट २० मिलिमीटरच्या आसपास असेल. तो कागद माणूस जपून ठेवतो, पाकिटात घालून मित्रांना दाखवतो. कागद खोटा नाही, छिद्रंही खोटी नाहीत. पण रायफल २० मिलिमीटरची आहे हे वाक्य खोटं आहे. नव्या रायफलीचा मालक हा कागद पाहतो, आपल्या ३९ मिलिमीटरच्या कागदाशी ताडून पाहतो आणि आपल्या वाट्याला वाईट रायफल आली असं समजून दुसऱ्या दिवशी नवी नळी, नवा चाप मागवतो. १०/२२ साठी बाहेरच्या कंपन्या इतके सुटे भाग बनवतात की मूळ कारखान्याचा एकही भाग न वापरता अख्खी रायफल जोडता येते. त्या भागांशी माझं भांडण नाही, त्यातले काही उत्तम आहेत. मला वाईट याचं वाटतं की, जे बदललं ते आधी कसं होतं हे त्या माणसाने कधी पाहिलंच नाही.

मी 'ग्रुपिंग' हा शब्द पहिल्यांदा एन.सी.सी.च्या कॅम्पमध्ये ऐकला. पोटावर झोपून, २५ यार्डांवर, पाच गोळ्या. रायफल पॉइंट टू-टूच, पण प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायची. आमच्यातल्या एकाची एक गोळी अगदी मध्यात लागली म्हणून तो हरखला होता. उस्तादांनी त्या गोळीकडे पाहिलंही नाही. त्यांनी बोटाने पाचही छिद्रांभोवती वर्तुळ काढलं आणि पुढे गेले. महाराष्ट्रातल्या हजारो मुलामुलींनी ते वर्तुळ पाहिलेलं असणार. नेम मध्यात आणणं हे नंतरचं काम, ते साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, फिरवून होतं. आधी छिद्रं एकमेकांजवळ आली पाहिजेत.

आणि नेमबाजीतलं .२२ म्हटलं की आपल्याकडे कोल्हापूर आठवतंच. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक घेतलं. खाशाबा जाधवांच्या हेलसिंकीतल्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं वैयक्तिक पदक ते. त्या दोघांची गोळी आणि खांबावरचा डबा उडवणाऱ्या मुलाची गोळी, दोन्ही .२२ लाँग रायफलच. पण त्यांच्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, आणि गोळीच ५.६ मिलिमीटरची. रायफलीत एका वेळी एकच काडतूस, हाताने ठेवलेलं. बोल्ट कुलूपबंद. चाप इतका हलका की बोट टेकवायलाही शिकावं लागतं. त्या रायफलीला घाईत दुसरी गोळी झाडता येत नाही, चिखलात पडलेली चालत नाही, मुलाच्या हातात देता येत नाही. तिनेही व्यवहार केलेला आहे, उलट्या बाजूने. या दोघींना एका फूटपट्टीने मोजणं हा दोघींवरही अन्याय आहे.

अमेरिकेत ॲपलसीड नावाने नेमबाजीची शिबिरं भरतात. तिथे येणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या हातात १०/२२ असते. अंतर २५ मीटर आणि कसोटी चार मिनिटांची. मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. तो ५० यार्डांवर अर्ध्या इंचाहून किंचित जास्त होतो, म्हणजे चार मिनिटं म्हणजे सुमारे दोन इंच. वाळूची पिशवी नाही, टेबल नाही, हाताभोवती गुंडाळलेला पट्टा आणि स्वतःची हाडं एवढाच आधार. शिबिराला आलेले अनेक जण पहिल्या दिवशी ही कसोटी पार करू शकत नाहीत. रायफल मात्र, आहे तशी, तिला रुचणाऱ्या काडतुसाने ती कसोटी आरामात पार करते. हे ऐकून कुणाला लाज वाटायचं कारण नाही. उलट मला यात मोठा दिलासा दिसतो. ही रायफल शिकणाऱ्याच्या पुढे बरीच वर्षं राहील. तो तिच्यापर्यंत पोहोचेल तेव्हा तिच्या मर्यादेबद्दल बोलायचा त्याला हक्क असेल.

वाऱ्याबद्दल थोडंच. ताशी दहा मैलांचा आडवा वारा साध्या वेगाच्या गोळीला ५० यार्डांवर जवळपास इंचभर सरकवतो. आणि जास्त वेगाच्या, ध्वनीपेक्षा भरधाव सुटणाऱ्या .२२ गोळीला तो कमी नाही, जास्त सरकवतो. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा अडथळा एकदम वाढतो आणि गोळी आपला वेग फार लवकर गमावते, म्हणून. खोक्यावर मोठा आकडा पाहून खूश होणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. मी तरी कागदासाठी नेहमी संथ गोळी निवडेन.

आता तो आकडा. ५० यार्ड, दुर्बीण, वाळूच्या पिशव्या, वारा नसलेली सकाळ, पाच-पाच गोळ्यांचे निदान पाच गट आणि त्यांची सरासरी. एकही छिद्र न वगळता. खोक्यातल्या स्वस्त गोळीने दीड ते दोन इंच. चार-पाच प्रकारची संथ काडतुसं चालवून पाहिल्यावर त्यातलं जे तिला रुचेल त्याने इंच-सव्वा इंच, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याएवढं किंवा त्याहून थोडं मोठं. एखादी रायफल उपजतच चांगली निघते आणि इंचाच्या आत येते. ती मिळाली तर जपा. सरासरी अडीच इंचांच्या पुढे जात असेल, तर आधी दुर्बिणीचे स्क्रू पाहा, मग दस्त्याचा स्क्रू, मग व्ही ठोकळ्याचे दोन, मग नळीचं तोंड कुठे ठेचलंय का ते. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो आणि पाच मिनिटांत जातो. खारीचं डोकं दीड इंचाचं, पत्र्याचा डबा तीन इंचांचा. ज्यासाठी ही बनली त्या कामाला ती पुरून उरते.

पुन्हा कागदापाशी या. दहा छिद्रं अजून तिथेच आहेत. आठांचा झुबका, वरचं एक, उजवीकडचं एकटं एक. मघाशी तुमची नजर त्या आठांवर जाऊन थांबत होती. आता दहाही छिद्रं एकदम पाहा, पावसाचे पहिले थेंब अंगणात पडलेले पाहावेत तशी. कुठलाही थेंब चुकलेला वाटत नाही. दहांचा मध्य शोधा. तो आठांच्या मध्याहून थोडा उजवीकडे आणि थोडा वर निघेल. साइट फिरवायची असेल तर या मध्यावरून फिरवा.

श्वास पुन्हा आपल्या गतीने येऊ द्या. हात, पाय, बसल्या जागेचा स्पर्श जाणवू द्या. डोळे मिटले असतील तर उघडा.

आणि एवढं माझ्यासाठी करा. तुमच्याजवळ खरी रायफल असेल, किंवा अमेरिकेत राहणारा तुमचा भाऊ, पुतणी, मित्र या रविवारी मैदानावर जाणार असेल, तर पहिला कागद फेकू नका. त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख लिहा, काडतुसाचं नाव आणि लॉटचा क्रमांक लिहा, वारा कसा होता ते लिहा, आणि सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा. मोजताना त्या एकट्या छिद्राला धरा.